सुवर्णकमळ मिळालं, पण दाखवायला पडदा कुठाय?

एप्रिल 2017 मधे 64 वे राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले आणि 'कासव'ला सुवर्णकमळ मिळालं. देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट, मराठी. श्यामची आई, श्वास, देऊळ, कोर्ट आणि मग कासव, सत्तर वर्षांत मराठीच्या वाट्याला हे सगळं मिळून पाच वेळा आलंय. पेपरात पहिल्या पानावर फोटो, सगळीकडे अभिनंदन, मराठी पाऊल पडते पुढे वगैरे. आणि तो पिक्चर थेटरात आला ऑक्टोबरात, म्हणजे सहा महिन्यांनी. किती जणांनी थेटरात बघितला? तुमच्या ओळखीतल्या दहा जणांना विचारा. नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, बघितलेला फार थोड्यांनी.

'कासव'च्या दिग्दर्शिका सुमित्रा भावे 19 एप्रिल 2021 ला पुण्यात वारल्या. तेव्हा प्रत्येक लेखात 'संवेदनशील दिग्दर्शिका' आणि 'वेगळ्या वाटेवरचा सिनेमा' हे दोन शब्दप्रयोग होतेच होते. मला त्या 'वेगळ्या वाटे'बद्दलच बोलायचंय, कारण ही वाट त्यांनी हौसेने निवडली असं आपण म्हणतो आणि मोकळे होतो. विषय त्यांनी निवडले, हे खरंच. पण पिक्चर लोकांपर्यंत न पोचणं ही काही त्यांची निवड नव्हती, ती आपल्या राज्याची व्यवस्था आहे आणि ती बदलता येते. माझं म्हणणं सरळ आहे: महाराष्ट्र सरकार आणि महापालिका चित्रपट बनवायला, सत्कार करायला आणि पुरस्कार द्यायला पैसे देतात, दाखवायला देत नाहीत, आणि जोपर्यंत गावोगावी सार्वजनिक पैशातून चालणारे छोटे पडदे उभे रहात नाहीत तोपर्यंत पुढच्या सुमित्रा भावेंचं पण हेच होणार.

आधी त्यांचा प्रवास बघा, कारण तो या मुद्द्याशी थेट जोडलेला आहे. जन्म 1943 चा, पुण्याचा. शिक्षण समाजशास्त्राचं, राज्यशास्त्राचं, मग मुंबईत टाटा इन्स्टिट्यूटला समाजकार्याचं. पुण्यातल्या कर्वे समाज सेवा संस्थेत कित्येक वर्षं शिकवलं. फिल्म इन्स्टिट्यूटची पायरी विद्यार्थी म्हणून कधी चढल्या नाहीत. दलित बायकांच्या स्व-प्रतिमेवर संशोधन करत होत्या, वस्त्यांमधे जाऊन बायकांशी तासन् तास बोलायच्या, त्यातल्या आठ जणींच्या कहाण्यांचं पुस्तक झालं, समाजशास्त्रज्ञ गेल ऑमव्हेट यांनी ते इंग्रजीत नेलं. आणि मग प्रश्न आला की ज्या बायकांनी हे सगळं सांगितलं त्यांच्याकडे हे परत कसं न्यायचं? त्यातल्या बऱ्याच जणींना वाचता येत नव्हतं. रिपोर्ट त्यांच्या काय कामाचा? म्हणून फिल्म. 1985 साली 'बाई' झाली, वस्तीत राहणाऱ्या एका बाईची गोष्ट, पहिल्याच लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार. सुनील सुकथनकर तेव्हा पोरगेलेसे होते, ते या फिल्मपासून बरोबर आले, पुढे फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकले आणि ही जोडी शेवटपर्यंत टिकली.

म्हणजे लक्षात घ्या, चाळिशी ओलांडलेली एक बाई, तंत्राचं कसलंही शिक्षण नाही, सिनेमाकडे येते ती फक्त एका कारणाने, की समोरच्या माणसाला दाखवता यावं. प्रेक्षक कोण हे त्यांच्या डोक्यात कॅमेऱ्याच्या आधी होतं. 'पाणी' नावाची त्यांची पुढची फिल्म गावातल्या बायकांनी एकत्र येऊन पाणी मिळवण्याची, ती गावोगावच्या बायकांना दाखवली जायची आणि त्यावर बोलणं व्हायचं. तिथे पडदा होता का, थेटर होतं का? भिंत होती, चादर होती, प्रोजेक्टर होता. आणि लोक बघायचे! 'असले पिक्चर लोकांना नको असतात' हे जे बिनधास्त सांगितलं जातं त्याला त्यांच्या कामाची पहिली दहा वर्षं हेच उत्तर आहे.

मग 1995 ला 'दोघी', पहिला मोठा चित्रपट. लग्नाच्या दिवशीच सगळं उध्वस्त झालेली थोरली बहीण मुंबईला पाठवली जाते, धंद्याला लागते, तिच्या पैशावर घर चालतं आणि धाकटीच्या लग्नाला ती आली की गावाला आणि आईलासुद्धा तिची लाज वाटते. सोनाली कुलकर्णी, रेणुका दफ्तरदार आणि उत्तरा बावकर. उत्तराबाईंनी ती आई अशी उभी केलीय की तिचा राग पण येतो आणि तिला दोष पण देता येत नाही. मराठीत त्या दशकात विनोदी सिनेमाचा भर ओसरत होता, थेटरं ओस पडत होती, आणि अशा वेळी हा पिक्चर झाला. नंतर 'दहावी फ', 'वास्तुपुरुष', 'देवराई', 'नितळ', 'एक कप च्या', 'हा भारत माझा', 'संहिता', 'अस्तु', 'कासव', 'वेलकम होम' आणि शेवटी 'दिठी'. कथा, पटकथा, संवाद त्यांचे, कपडे आणि घरातल्या वस्तूसुद्धा त्या स्वतः बघायच्या. त्यांच्या पिक्चरमधलं स्वयंपाकघर हे खरंच कोणीतरी रोज वापरतंय असं वाटतं, हे किती दिग्दर्शकांबद्दल म्हणता येईल?

आता पैशाचं बघू. देवराई कोणी उभा केला? स्किझोफ्रेनिया या मनाच्या आजारावर काम करणारे, कॅनडात राहणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांनी. नितळमागे कोण होतं? पांढऱ्या डागांबद्दल काम करणारी श्वेता असोसिएशन. कासवमधे डॉ. मोहन आगाशे आणि हे दोघं दिग्दर्शक स्वतःच निर्माते. बाजारातला निर्माता यात जवळजवळ दिसतच नाही. काही समीक्षक म्हणतात की त्यांचा सिनेमा 'विषयाचा' सिनेमा आहे, आजार, अंधश्रद्धा, नैराश्य, एकेक प्रश्न घेऊन केलेला. या टीकेत तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही, काही फिल्म्समधे सांगणं जास्त आणि दिसणं कमी होतं. पण हा विचार करा की ज्या दिग्दर्शकाला पैसा देणारं दार एकच उघडं आहे, आणि ते दार एखाद्या आजारावर काम करणाऱ्या संस्थेचं आहे, तिथून काय येणार? आणि तरीही त्या चौकटीत त्यांनी काय केलं ते बघा. देवराईत स्किझोफ्रेनियाची माहिती मिळते, पण लक्षात राहतो तो शेष आणि त्याचं ते जंगल, अतुल कुलकर्णीचे डोळे. अस्तु डिमेन्शियावरचा, म्हणजे म्हातारपणीच्या विस्मरणाच्या आजारावरचा म्हणून ओळखला जातो, आणि खरी गोष्ट आहे ती संस्कृतच्या विद्वान म्हाताऱ्याची जो एका हत्तीच्या मागे निघून जातो आणि माहुताची बायको, जिला त्याची भाषा धड येत नाही, ती त्याला लेकरासारखी सांभाळते. अमृता सुभाषला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, संवादांसाठी सुमित्रा भावेंना. पुरस्कार 2013 सालच्या चित्रपटांमधले आणि अस्तु थेटरात आला 2016 ला! तीन वर्षं. राष्ट्रीय पुरस्कार घेतलेला मराठी पिक्चर महाराष्ट्रात लागायला तीन वर्षं घेतो आणि याची लाज कोणालाही वाटत नाही.

वास्तुपुरुष मला त्यांचा सगळ्यात मोठा चित्रपट वाटतो, कासवपेक्षाही. कुळकायद्यानंतर जमिनी गेलेलं देशपांड्यांचं घर, पडका वाडा, गुप्तधनाच्या आशेने खणत बसलेली माणसं आणि मुलाने डॉक्टर होऊन गावाची सेवा करावी, घराण्याने केलेल्या अन्यायाची फेड करावी हा आईचा हट्ट. महाराष्ट्राच्या ग्रामीण समाजात पन्नास साठच्या दशकात काय उलथापालथ झाली हे कळायला हा पिक्चर शाळा कॉलेजात दाखवायला पाहिजे. तो आज कुठे बघायचा म्हणाल तर मोठ्या पडद्यावर संधी जवळपास शून्य.

पिक्चर लागतो म्हणजे नेमकं काय होतं हे माहिती नसलेल्यांसाठी सांगतो. छोट्या निर्मात्याकडे पोस्टरला पैसे नसतात, टीव्हीवर जाहिरातीचे तर नसतातच. डिजिटल प्रोजेक्शन पुरवणाऱ्या कंपनीला प्रत्येक पडद्यामागे फी निर्मात्यालाच भरावी लागते, पिक्चर चालो न चालो. शुक्रवारी लागतो तो मल्टिप्लेक्समधे सकाळी अकराला किंवा दुपारी अडीचला एक शो, कामाला जाणारा माणूस तेव्हा येऊच शकत नाही. शनिवार रविवारचे आकडे बघून सोमवारी ठरतं की ठेवायचा का काढायचा. असा पिक्चर ज्याने बघितला तो दुसऱ्याला सांगणार, दुसरा तिसऱ्याला, याला किमान दोन तीन आठवडे लागतात. तेवढा वेळच कोणी देत नाही. तिसऱ्या आठवड्यात तुमची मावशी फोन करून विचारते की अगं तो पिक्चर चांगला आहे म्हणे, कुठे लागलाय, तोपर्यंत तो गेलेला असतो. त्यात तालुक्याच्या गावात एकपडदा थेटरं बंद पडून मंगल कार्यालयं झाली, तिथे राहणाऱ्याला तर शुक्रवारचा पण चान्स नाही.

सरकारने काय केलं? अनुदान योजना आहे. पिक्चर पूर्ण झाल्यावर समिती बघते, दर्जा ठरवते, अ दर्जाला 40 लाख आणि ब दर्जाला 30 लाख असं ते बरीच वर्षं चालत आलंय. या पैशाने बऱ्याच जणांना हात दिला, मी योजनेच्या विरोधात नाही. पण हे म्हणजे शेतकऱ्याला बियाणं द्यायचं आणि माल उतरवायला बाजार समितीच बांधायची नाही असं झालं. वर्षाला शंभराच्या आसपास मराठी चित्रपट तयार होतात आणि त्यातले बहुतेक अनुदानाची फाईल पूर्ण होईल इतकेच लागतात. मग 2015 साली मल्टिप्लेक्सना मराठी पिक्चर प्राइम टाइमला लावायची सक्ती करायचं ठरलं, त्यावरून केवढा गदारोळ, ट्विटरवर भांडणं, वडापाव घेऊन मोर्चे, आणि शेवटी प्राइम टाइमची व्याख्या दुपारी बारापासून रात्री नऊपर्यंत पसरवून विषय मिटला. मला ती सक्ती तेव्हाही पटली नव्हती. खाजगी दुकानदाराला हाताला धरून सांगायचं की हे विक, तो विकेल पण मागच्या फळीवर ठेवून विकेल. आणि सक्तीचा फायदा ज्यांच्याकडे आधीच वजन आहे अशा मोठ्या बॅनरच्या मराठी पिक्चरना होतो, कासवला नाही.

आता आपल्याकडेच एक गोष्ट अशी आहे जी आपण सिनेमाला लावून बघत नाही. नाट्यगृह! कोल्हापुरात शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी पॅलेस थिएटर बांधलं, आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, 2024 च्या ऑगस्टमधे ते जळालं तेव्हा अख्खं शहर रडलं आणि ते पुन्हा उभं करायचं यावर कोणाचं दुमत नव्हतं. पुण्यात बालगंधर्व 1968 चं, ठाण्यात गडकरी रंगायतन, नाशकात कालिदास, विलेपार्ल्यात दीनानाथ, ही सगळी महापालिकांची. नाटक हे बाजारावर सोडून चालणार नाही, त्याला परवडेल अशा भाड्यात जागा लोकांच्या पैशातून द्यायची हे या राज्याने कधीच मान्य केलंय, त्यावर निवडणुकीत कोणी भांडत नाही. मराठी नाटक आज जगतंय त्यामागे या इमारती आहेत, त्यांची स्वच्छतागृहं कितीही वाईट असली तरी. मग सिनेमाला हा न्याय का नाही? सिनेमा म्हणजे धंदा आणि नाटक म्हणजे कला, ही समजूत कुठून आली कळत नाही, कारण ज्या राज्यात फाळके झाले आणि ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवून पिक्चर काढले तिथे तरी ती असू नये.

बाकीच्यांनी केलंय. कलकत्त्यात 1985 ला सरकारी 'नंदन' उभं राहिलं, उद्घाटन सत्यजित राय यांच्या हस्ते, तिथे कमी तिकिटात बंगाली पिक्चर लागतात आणि नव्या दिग्दर्शकाला निदान एक पत्ता असतो जिथे आपली फिल्म लागू शकते. केरळात राज्याच्या फिल्म विकास महामंडळाची स्वतःची थेटरं आहेत, तिरुवनंतपुरमला कैरळी, श्री आणि निळा तर एकाच आवारात. त्याच्या आधीपासून तिथे फिल्म सोसायट्या, म्हणजे एकत्र जमून चांगले पिक्चर बघणारी मंडळं होती, दिग्दर्शक अडूर गोपालकृष्णननी 1965 मधे 'चित्रलेखा' ही सोसायटी सुरू केली होती, म्हणजे त्यांचा स्वतःचा पहिला पिक्चर यायच्या सात वर्षं आधी प्रेक्षक घडवायला सुरुवात झाली. जॉन अब्राहम (हिंदीतला नट नव्हे, मल्याळी दिग्दर्शक) आणि त्याच्या मित्रांनी तर लोकांकडून वर्गणी गोळा करून 1986 ला पिक्चर केला आणि गावोगाव नेऊन दाखवला. तिथल्या पिक्चरचं आपण आज इतकं कौतुक करतो, सबटायटल लावून रात्री जागून बघतो, पण त्याच्या मुळाशी पन्नास साठ वर्षांची ही मेहनत आहे हे कोणी सांगत नाही.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे ओटीटी. आता थेटराची गरज काय, घरी बघा. दिठीचं उदाहरण घ्या. दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा पिक्चर, तीस वर्षं वारी करणारा रामजी लोहार, तरणा मुलगा पुरात जातो आणि माणूस विठ्ठलावरच रुसतो, आणि मग अडलेल्या गाईला सोडवायला त्याला बोलावणं येतं. पावसाचा आवाज, अंधार, पोथी वाचत बसलेली माणसं. हा पिक्चर आवाजाचा आणि अंधाराचा आहे, तो मे 2021 मधे ओटीटीवर आला, म्हणजे दिग्दर्शिका जाऊन महिना झाला होता. लॉकडाऊन होता, दुसरा इलाज नव्हता, आणि तो आला याचं समाधानच आहे. पण मोबाईलवर, मधे मधे व्हॉट्सअ‍ॅप बघत बघितलेला दिठी हा दिठी नाही. शिवाय ओटीटीवाले मराठीत किती घेतात? घेतला तरी करार संपला की पिक्चर तिथून गायब, आणि मग शोधत बसा. केरळने इथेही स्वतःचा सरकारी ओटीटी 2024 मधे काढला, जेवढं बघाल तेवढ्याचे पैसे, तो किती चालेल हे काळ ठरवेल, पण आपल्या भाषेचा सिनेमा कोणा कंपनीच्या कॅटलॉगवर अवलंबून ठेवायचा नाही एवढं तरी त्यांना समजलंय.

आणि एकत्र बसून बघण्याचा मुद्दा सुमित्रा भावेंच्या सिनेमाला तर जास्तच लागू आहे. डॉ. आगाशे अस्तु आणि कासव घेऊन स्वतः फिरले, मेडिकल कॉलेजं, संस्था, मंडळं, दाखवायचे आणि मग लोकांशी बोलायचे. सत्तरी गाठलेला एवढा मोठा नट आपला पिक्चर हातात घेऊन गावोगाव फिरतो, याबद्दल मला प्रचंड आदर आहे. पण हे काम एका माणसाच्या तब्येतीवर आणि ओळखींवर किती दिवस चालणार? अशा खेळानंतर कोणीतरी उठून सांगतं की माझ्या घरात वडील असेच आहेत, बायको असं वागते आणि आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं. हे घरच्या सोफ्यावर होत नाही.

मग करायचं काय, तर फार मोठं काही नाही. प्रत्येक महापालिकेच्या आणि मोठ्या नगरपालिकेच्या नाट्यगृहाच्या आवारात तालमीचा हॉल असतो, कलादालन असतं, वरच्या मजल्यावर रिकामी पडलेली जागा असते. तिथे शंभर दीडशे खुर्च्यांचं चित्रपटगृह करायचं. मुख्य रंगमंचावर पडदा टांगून काम भागत नाही, कारण नाटकाच्या हॉलची ध्वनिरचना वेगळी असते आणि पिक्चरचा आवाज तिथे घुमतो, त्यामुळे वेगळी छोटी खोलीच बरी. प्रोजेक्टर आणि साउंडचा खर्च एकदाचा. तिकीट शंभराच्या आत. आणि सगळ्यात महत्वाचं म्हणजे एक पिक्चर लागला की किमान तीन आठवडे काढायचा नाही, दिवसाला एक का होईना पण संध्याकाळचा शो, गर्दी असो नसो. कुठला पिक्चर लावायचा हे नगरसेवकाने ठरवायचं नाही. मुंबईत प्रभात चित्र मंडळ, पुण्यात आशय फिल्म क्लब, अशी कित्येक दशकं चित्रपट दाखवत आलेली माणसं आहेत, जिल्ह्या जिल्ह्यात फिल्म सोसायटीची धडपड करणारे शिक्षक प्राध्यापक आहेत, त्यांच्याकडे निवड द्यावी आणि वर्षाचा हिशोब जाहीर करावा.

पैसे वाया जातील, रिकाम्या खुर्च्यांना पिक्चर दाखवाल, असं म्हणणारे असतील. पहिली दोन वर्षं खुर्च्या रिकाम्या राहतील, हे मी मान्य करतो. वाचनालयातही रोज गर्दी नसते, तरी आपण ते बंद करत नाही. सवय लागायला वेळ लागतो, आणि सवय आपणच मोडलीय, कारण ज्या गावात तंबूतला पिक्चर बघायला बैलगाड्या यायच्या तिथल्या नातवंडांना आता मोठा पडदा बघायचा तर जिल्ह्याला जावं लागतं. दुसरी शंका अशी असते की सरकारी जागेत सरकारला न आवडणारा पिक्चर लागेल का. ही भीती खरी आहे, मला पण वाटते. म्हणूनच निवड बाहेरच्या लोकांकडे हवी आणि सेन्सॉरने पास केलेला पिक्चर नाकारायचा असेल तर कारण लेखी द्यावं लागेल असा नियम हवा. भांडावं लागेल त्यासाठी. नाटकवाल्यांनी पण भांडूनच मिळवलंय जे काय आहे ते.

अनुदानाची रक्कम कमी करा असं मी म्हणत नाहीये. त्यातला एक हिस्सा दाखवण्याशी बांधा, म्हणजे पिक्चर किती जिल्ह्यांत आणि किती आठवडे लोकांना बघायला मिळाला याचा विचार दर्जा ठरवताना व्हावा, आणि जो निर्माता शाळेत, कॉलेजात, तालुक्याला खेळ लावेल त्याला जास्त द्या. 'दहावी फ' शाळाशाळांतून दाखवला गेला, प्रयोगशाळा फोडणाऱ्या पोरांकडूनच ती परत उभी करून घेणारा मास्तर हजारो मुलांनी आपल्या वर्गमित्रांबरोबर बसून बघितला, आज तिशी पस्तिशीतल्या कितीतरी जणांना तो आठवतो. त्याला कुठलं मल्टिप्लेक्स लागलं नव्हतं, कोणीतरी दाखवायचं मनावर घेतलं होतं एवढंच. महापालिकांचं पुढचं बजेट फेब्रुवारी मार्चमधे येईल, त्याच्या आधी आपापल्या वॉर्डातल्या नगरसेवकाला एवढं विचारा की आपल्या नाट्यगृहात पिक्चरसाठी एक खोली का होऊ शकत नाही.